वाइनचा ग्लास: द्राक्षाच्या नावापेक्षा पोट आणि तोंड बघा

प्रश्न असा आहे: प्रत्येक जातीच्या वाइनसाठी वेगळा ग्लास विकायला असतो, पण घरातलं कपाट एवढंसं. लाल, पांढरी, फसफसणारी, सगळीच अधूनमधून उघडली जाते. फसफसणाऱ्या वाइनचे सहा उंच, अरुंद फ्लूट ग्लास भेट म्हणून आलेले आहेत. आकाराने चवीत खरंच फरक पडतो का, आणि पडत असेल तर मोजके कोणते ग्लास घ्यावेत?

फरक पडतो. मात्र तो जिभेला कमी आणि नाकाला जास्त कळतो. आणि तो ठरतो तीन गोष्टींवर: ग्लासचं पोट किती रुंद, तोंड किती आवळलेलं आणि आत वाइन किती ओतली. द्राक्षाचं नाव त्यानंतर येतं. वाइन वाढणं आणि वाढणाऱ्यांना शिकवणं हेच माझं काम असल्यामुळे नाना आकार हाताखालून गेले आहेत आणि माझं मत आता पक्कं आहे. बहुतेक घरांना एकाच आकाराचे चांगले ग्लास पुरतात; हौस असेल तर आणखी एक आकार घ्यावा. तिसरा लागतोच असे लोक फार थोडे.

आधी जिभेचं प्रकरण मिटवू. अमुक ग्लासची कड वाइन जिभेच्या शेंड्यावर सोडते म्हणून ती गोडसर लागते, तमुक ग्लास ती बाजूंना नेतो म्हणून आंबटपणा उठतो, असं विक्रेते वर्षानुवर्षं सांगत आले. याचा आधार म्हणजे शाळेच्या पुस्तकातला जिभेचा नकाशा: शेंड्याला गोड, बाजूंना आंबट, मागे कडू. १९०१ मध्ये हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने जिभेच्या निरनिराळ्या भागांची संवेदना मोजली होती आणि त्याला सापडलेले फरक बारीक होते. १९४२ मध्ये हार्वर्डच्या एडविन बोरिंग यांनी ते आकडे आलेखात असे मांडले की बारीक फरक ढोबळ वाटू लागले, आणि नकाशा रूढ झाला. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा मोजणी केली तेव्हाही फरक किरकोळच निघाले. सगळ्या चवी जिभेच्या सगळ्या भागांना कळतात, आणि घोट तोंडात गेल्यावर क्षणात सगळीकडे पसरतो. तेव्हा 'कड वाइन योग्य जागी पोहोचवते' असं कुणी सांगू लागलं की ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं. एवढं खरं की अरुंद तोंडाच्या ग्लासातून पिताना मान मागे झुकवावी लागते, तर पसरट तोंडातून ओठांनी ओढून छोटा घोट घेतला जातो. घोट लहानमोठा झाला की अनुभवही थोडा बदलतो. त्याचा जिभेच्या नकाशाशी काही संबंध नाही.

आता नाक. वाइनची चव म्हणून आपण जे सांगतो त्यातला मोठा हिस्सा वासाचा असतो: एकदा हुंगताना येणारा, आणि दुसऱ्यांदा गिळताना घशाच्या मागून नाकात चढणारा. वाइनमधली गंधद्रव्यं पृष्ठभागावरून उडतात आणि ग्लासातल्या मोकळ्या जागेत साठतात. पोट रुंद असेल तर पृष्ठभाग मोठा मिळतो, जास्त गंध सुटतो. तोंड आवळलेलं असेल तर सुटलेला गंध लगेच पसार होत नाही. पण वाइनमध्ये सर्वांत जास्त प्रमाणात उडणारी गोष्ट गंधद्रव्यांपैकी नाहीच, ती आहे अल्कोहोल. अल्कोहोलची वाफ नाकात झोंबली की तिच्यामागचे नाजूक वास हरवतात. म्हणून चांगल्या आकाराची खरी परीक्षा ही की तो गंध धरून ठेवतो आणि तरी नाक झोंबू देत नाही.

याचं एक चित्रच काढलं गेलं आहे. टोकियोच्या मित्सुबायाशी यांच्या गटाने २०१५ मध्ये ग्लासच्या तोंडावरची अल्कोहोलची वाफ टिपणारा कॅमेरा वापरला. १३ अंश सेल्सिअसच्या वाइनने भरलेल्या वाइन ग्लासात अल्कोहोल कडेलगत वर्तुळाकार पट्ट्यात दाटलेलं दिसलं आणि मधोमध त्याचं प्रमाण कमी होतं. नाक नेमकं मध्ये घातलं तर वास मिळतो, झोंबणं कमी. सरळ भिंतींच्या ग्लासात आणि कॉकटेलच्या मार्टिनी ग्लासात असा पट्टा दिसला नाही. आणखी महत्त्वाचं म्हणजे वाइन जास्त गरम असताना वाइन ग्लासातसुद्धा तो दिसला नाही. या शेवटच्या निरीक्षणाकडे लोक लक्ष देत नाहीत. महागातला ग्लास घेतला आणि लाल वाइन २५ अंशांवर ओतली, तर ग्लासवर केलेला खर्च बराचसा वाया गेला असं समजा. लाल वाइन १४ ते १८, पांढरी ८ ते १२ आणि फसफसणारी ६ ते १० अंश, एवढं पाळलं तरी अर्धं काम होतं.

एक सावधगिरी. नाजूक, पातळ, डौलदार ग्लास हातात आला की वाइन चांगली असणार असं मन आधीच ठरवून टाकतं, आणि मग ती चांगली लागते. माझंही तसंच होतं, म्हणून दोन ग्लासांची तुलना करायची असेल तर डोळे मिटून बसतो आणि दुसऱ्या कुणाला तरी ग्लास नाकाखाली धरायला सांगतो. हात लावायचा नाही, कारण वजन लगेच चुगली करतं. ओतलेली वाइन मोजून सारखी हवी. हा खेळ करून बघा. पाण्याचा सरळ ग्लास आणि पोटाचा ग्लास यांतला फरक बहुतेकांना ओळखता येतो. पण एका द्राक्षासाठीचा आणि दुसऱ्या द्राक्षासाठीचा, असे जवळजवळ सारखेच दोन ग्लास ठेवले की भलेभले गडबडतात.

मग दुकानात बघायचं काय? खिशात मोजपट्टी ठेवा. चाखण्याच्या ग्लाससाठी १९७७ मध्ये ठरलेलं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३५९१. त्यात ग्लासची क्षमता सुमारे २१५ मिलिलिटर, उंची १५५ मिलिमीटर, पोटाचा व्यास ६५ आणि तोंडाचा ४६ मिलिमीटर, आणि ओतायची वाइन ५० मिलिलिटर. म्हणजे तोंड पोटाच्या साधारण ७० टक्के. हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे. तोंड पोटाच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश असेल तर ग्लास गंध बऱ्यापैकी धरतो. तोंड आणि पोट जवळजवळ सारखं असेल तर धरत नाही, आणि तोंड फारच आवळलं तर मोठ्या नाकाच्या माणसाची पंचाईत होते. तो मानक ग्लास मात्र जेवणाच्या टेबलावर मला आवडत नाही. एकाच मापाने अनेक नमुने तपासायला तो उत्तम, पण निवांत प्यायला फार चिमुकला. त्याचंच प्रमाण ठेवून ३५० ते ४५० मिलिलिटरचा, ट्युलिपच्या फुलाच्या आकाराचा ग्लास मिळाला की झालं. त्यात १०० ते १२५ मिलिलिटर वाइन ओतली तर फिरवायला आणि गंध साठायला भरपूर जागा उरते.

आता वाइनच्या प्रकारांकडे येऊ, आणि सुरुवात जिथे आकाराचा सर्वांत जास्त फायदा होतो तिथून करू: फिकट रंगाच्या, सुगंधी लाल वाइन. पिनो न्वार, गामे आणि नेब्बिओलो. यातल्या नेब्बिओलोचा तुरटपणा चांगलाच असतो, तरी तिची खरी श्रीमंती वासात आहे. यांना रुंद, गोल पोटाचा ग्लास शोभतो, ज्याला बरगंडी ग्लास म्हणतात. पृष्ठभाग मोठा, वरची मोकळी जागा मोठी, आणि तोंड पोटापेक्षा बरंच लहान. ऑस्ट्रियाचे काचकार क्लाउस रीडेल यांनी १९५८ मध्ये काढलेला बरगंडी ग्रां क्रू ग्लास एक लिटरहून मोठा आहे. ७५० मिलिलिटरची अख्खी बाटली त्यात ओतली तरी जागा उरेल. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तो ठेवलेला आहे, आणि तो तिथेच शोभतो असं मला वाटतं. घरी ६०० ते ७०० मिलिलिटरचा पुष्कळ झाला. १९७३ मध्ये रीडेल यांनी सोमेलिए नावाची मालिका काढली आणि वाइनगणिक ग्लास ही कल्पना जगभर पसरली. त्या माणसाचं श्रेय मोठं आहे: नक्षीच्या जाड काचेतून वाइन पिणाऱ्यांना पातळ, साधी, पोटाची काच त्यांनी दिली. पुढे जातवार याद्या वाढत गेल्या, त्यात मात्र विक्रीचा भाग बराच.

काबर्ने सोव्हिन्यों, मेर्लो, सिरा यांसारख्या गडद आणि तुरट वाइनना उंच, कमी फुगीर ग्लास देतात, बोर्दो नावाचा. उंचीमुळे नाक वाइनपासून थोडं दूर राहतं आणि अल्कोहोल कमी झोंबतं, हे पटण्यासारखं आहे. 'मोठ्या ग्लासात टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारी द्रव्यं) मऊ होतात' हे मात्र पटण्यासारखं नाही. हवेने टॅनिनमध्ये बदल व्हायला ग्लासातला पाऊण तास फार अपुरा. त्या वेळात होतं ते असं की बाटलीत कोंडलेला गंधकाचा वास उडून जातो, फळांचा वास वर येतो, आणि त्यामुळे वाइन मऊ वाटते. सरळ सांगायचं तर माझ्याकडे एकच मोठा ग्लास ठेवायचा असेल तर मी बरगंडी ठेवीन, बोर्दो नाही. काबर्ने साध्या ट्युलिप ग्लासात फारसं काही गमावत नाही. पिनो न्वार बरंच गमावते. १५ टक्के अल्कोहोलची दणकट लाल वाइन असेल तर ग्लास बदलण्यापेक्षा ती दोन अंश थंड करा, लवकर गुण येईल.

पांढऱ्या वाइनचा ग्लास लहान असतो त्याचं कारण मुख्यतः थंडावा. लहान ग्लासात थोडीच ओतली जाते, गरम होण्याआधी संपते, आणि बाटली थंड राहते. रीसलिंग, सोव्हिन्यों ब्लाँ यांना हाच ट्युलिप ठीक. अपवाद ओकच्या पिंपात मुरलेल्या शार्दनेचा. तिला रुंद पोट आणि मोकळं तोंड द्या, वाटल्यास तोच बरगंडी ग्लास. अरुंद ग्लासात तिचा लाकडाचा आणि लोण्यासारखा वास एकदम अंगावर येतो. रोझेसाठी, म्हणजे गुलाबी वाइनसाठी, वेगळा ग्लास घेऊ नका.

फसफसणाऱ्या वाइनबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तुमच्याकडे फ्लूट आहेत आणि त्यांच्यावरून वाद फार. जुना प्रकार म्हणजे कूप, बशीसारखा पसरट ग्लास. त्यातून वायू भराभर निघून जातो आणि गंधही. फ्लूट त्याच्या उलट: उंच, अरुंद, बुडबुड्यांची माळ छान दिसते, वायू जास्त वेळ टिकतो. पण रॅंस विद्यापीठाचे जेरार लिजे-बेलेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दोन्ही ग्लासांवरच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला, तेव्हा तो फ्लूटवर कूपपेक्षा बराच जास्त निघाला. नाक फ्लूटमध्ये घातल्यावर जी झिणझिणी येते ती त्याचीच, आणि तिच्यापुढे वास कळत नाहीत. शिवाय फ्लूट गळ्यापर्यंत भरण्याची सवय असते, त्यामुळे वास साठायला जागाच राहत नाही. म्हणून मधला मार्ग: खाली निमुळता, मध्ये थोडं पोट, वर पुन्हा आवळलेला ट्युलिप. तो नसेल तर पांढऱ्या वाइनचा ग्लास सरळ वापरा. बाटलीत बरीच वर्षं मुरलेली शॅम्पेन मी फ्लूटमध्ये ओततच नाही. तुमचे सहा फ्लूट टाकू नका. साध्या, फळांच्या वासाच्या, थंडगार प्रोसेकोसाठी (इटलीची फसफसणारी वाइन) आणि उभ्या उभ्या ग्लास हातात धरायच्या समारंभासाठी ते चांगले आहेत. दोन-तृतीयांशच भरा.

बुडबुडे उठतात कशामुळे हेही माहीत असलेलं बरं. गुळगुळीत, निर्मळ काचेवर ते जवळजवळ उठतच नाहीत. काचेला चिकटलेल्या कापडाच्या किंवा कागदाच्या सूक्ष्म तंतूंत अडकलेली हवा हे त्यांचं जन्मस्थान असतं, किंवा ग्लासच्या तळाशी मुद्दाम लेझरने पाडलेले बारीक ओरखडे. त्यामुळे एका ग्लासात बुडबुडे कमी आणि शेजारच्यात जास्त दिसले तर वाइनला दोष देऊ नका. साबणाचा थर राहिला तर मात्र बुडबुडे खरंच मरतात. आणि ओतताना ग्लास तिरका धरून भिंतीवरून सोडा. लिजे-बेलेर यांच्याच गटाने २०१० मध्ये मोजून दाखवलं की सरळ मध्ये ओतण्यापेक्षा अशाने वायू जास्त राहतो, आणि वाइन जितकी थंड तितका नाश कमी.

पोर्ट या कडक, गोड वाइनमध्ये १९ ते २२ टक्के अल्कोहोल असतं, त्यामुळे ग्लास लहान आणि ओतणंही थोडं, ५० ते ७५ मिलिलिटर. पण लहान म्हणजे काठोकाठ भरायचा अंगठ्याएवढा ग्लास नव्हे. छोटा का होईना, ट्युलिप हवा. शेरी या स्पॅनिश वाइनचा पारंपरिक ग्लास, कोपिता, याच घडणीचा असतो. सोतेर्न, तोकाय अशा गोड वाइनही त्यात येतील. तो मानक चाखणी ग्लास इथे अगदी फिट बसतो, म्हणून मिळाले तर दोन-चार ठेवा.

'सगळ्या वाइनसाठी एकच ग्लास' हा विचार आता मोठी नावंही मांडतात. ब्रिटिश वाइन समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन यांनी डिझायनर रिचर्ड ब्रेंडन यांच्याबरोबर २०१८ मध्ये असा एक ग्लास काढला. पांढऱ्याला लहान आणि लालला मोठा ग्लास देण्याची गरज नाही, उलट पांढऱ्या वाइनही तितक्याच गुंतागुंतीच्या असतात, हा त्यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. तो विशिष्ट ग्लासच घ्या असं नाही. याच घडणीचे अनेक आहेत.

आकार ठरला की कडेकडे बघा, कारण ओठांना पहिली तीच लागते. स्वस्त ग्लासची कड वळवून जाड, गोल केलेली असते. चांगल्या ग्लासची कापून घासलेली, पातळ. पातळ कडेवरून वाइन ओठावर सहज येते. जाड कडेवर ती अडखळते. जातवार आकारांपेक्षा हा फरक मला अधिक मोलाचा वाटतो. काचेचं म्हणाल तर जुन्या क्रिस्टलमध्ये शिसं असतं. युरोपीय नियमांप्रमाणे लेड क्रिस्टल म्हणवायला किमान २४ टक्के लेड ऑक्साइड लागतं. घोटभर वाइन त्यात तासभर राहिली तर फार काही झिरपत नाही, पण तसल्या डिकँटरमध्ये (दारू काढून ठेवायच्या काचेच्या सुरईत) ती दिवसेंदिवस साठवू नये. आजचे बहुतेक चांगले ग्लास शिसं न घालता, टायटॅनियम किंवा झिरकोनियमची ऑक्साइडं घालून बनवतात आणि ते जास्त टणकही असतात. रंगीत किंवा पैलू पाडलेला ग्लास वाइनचा रंग लपवतो, तो नको. दांडी हवी. बिनदांडीचा ग्लास कपाटात सोयीचा खरा, पण तळहाताने वाइन गरम होते आणि काचेवर बोटांचे डाग पडतात.

तर यादी अशी: सुमारे ४०० मिलिलिटरचे, पातळ कडेचे, दांडीचे ट्युलिप ग्लास सहा. पिनो न्वार किंवा नेब्बिओलो आवडत असेल तर मोठ्या पोटाचे दोन किंवा चार. फ्लूट आहेतच. फुटल्यावर तसाच परत मिळेल असाच ग्लास निवडा, हे नक्की बघा, कारण हे ग्लास फुटतात.

आणि ते बहुतेक वेळा वाइन पिताना फुटत नाहीत, पुसताना फुटतात. एका हाताने बैठक धरायची आणि दुसऱ्याने पोट पिळायचं, ही पद्धत दांडी मोडण्याची खात्रीची. पोट पुसताना पोटच धरा, बैठक पुसताना बैठक. धुताना साबण अगदी थोडा, पाणी गरम आणि भरपूर. पांढुरके डाग पडले तर ते बहुधा जड पाण्याचे क्षार असतात, व्हिनेगरने जातात. त्यानेही गेले नाहीत तर डिशवॉशरमध्ये काच झिजलेली आहे आणि तिला उपाय नाही. कपाटात ग्लास उलटे ठेवू नका: आत कोंडलेल्या हवेला लाकडाचा, रंगाचा वास लागतो, आणि कडेवर भार येतो. ओतण्याआधी रिकामा ग्लास एकदा हुंगायचा. काहीही वास आला तर थोडी वाइन घालून फिरवायची, ती टाकायची, मग भरायचा.